कानातलं नाव

स्वतःचा आवाज ऐकून कुणाला ओकारी येते का? मला आली. माझ्या सख्ख्या भावाच्या घरी, दुपारी चार वाजून सात मिनिटांनी, दाराआड उभी राहून मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. ओकारीचा आवाज झाला असता तर पलीकडच्या खोलीत माझ्या भाचीशी गप्पा मारणारी 'मी' सावध झाली असती.

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

मी वृषाली शेटे, वय बेचाळीस, मुक्काम सांगली. शाळेत संगणक शिकवते. लग्न केलं नाही. का ते विचारू नका, मी तोंडाची फटकळ आहे. भाऊ हृषीकेश माझ्याहून सहा वर्षांनी लहान, त्याची बायको स्नेहल आणि त्यांची सहा वर्षांची ओजस्वी, म्हणजे आमची ओजू. एवढीच माझी माणसं. शाळेखेरीज माझा आणखी एक उद्योग होता. गावोगाव जाऊन आईबापांना व्याख्यानं द्यायची: मुलं आणि इंटरनेट, काय करावं, काय करू नये. कॉलरला माइक लावला की मला भलताच चेव यायचा. मुलांचे फोटो टाकू नका, शाळेचं नाव लिहू नका, वाढदिवसाची तारीख सांगू नका. लोक माना डोलवायचे आणि व्याख्यान संपलं की मुलांना माझ्या शेजारी उभं करून फोटो काढायचे आणि तिथल्या तिथे टाकायचे. मला त्यांची चीड यायची. अडाणी लेकाचे, म्हणायचे मी मनात.

२०३९ साली आवाजाला काही किंमत उरलेली नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मापाला एक जुना ब्लाउज दिला की शिंपी तसले दहा शिवून देतो, तसं कुणाच्याही तोंडची तीन वाक्यं मिळाली की यंत्र त्याचा आवाज शिवून देतं. हसणं, खोकणं, 'अगं बया' म्हणायची लकब, सगळं. भामटे आईच्या आवाजात मुलांना फोन करायला लागले. 'बाळा, दार उघड, काका आलेत.' मुलं दार उघडायची. पुढचं मी सांगत नाही.

त्यावर 'पाखर' निघाली. लिंबाएवढी गोल डबी. घरातले सगळे पडदे, फोन, बोलकी खेळणी तिच्याशी जोडायची. घाणेरडी चित्रं ती अडवायची, अनोळखी माणसाला तोडायची. आणि नातेवाइकाचा आवाज आला की त्याला घरचा गुप्त शब्द विचारायची. शब्द बरोबर असला तर हिरवा दिवा, नसला तर लाल. तो शब्द डबीत साठवलेला नसतो, साठतो फक्त त्याचा ठसा. दुधाचं दही होतं, पण दह्याचं पुन्हा दूध होत नाही. पाखरमध्ये फक्त दही असतं, त्यामुळे डबी फोडली तरी चोराच्या हाती शब्द लागत नाही. हे उदाहरण माझंच. मिरजेच्या व्याख्यानात टाळ्या पडल्या होत्या त्याला.

पण लोक शब्द काय ठेवायचे? कुत्र्याचं नाव. नाहीतर 'गणपती'. भामट्यांना तिसऱ्या फटक्यात सापडायचा. त्याच मिरजेच्या व्याख्यानात मला सुचलं आणि मी बोलून गेले. म्हटलं, अहो, तुमच्या घरात एक असा शब्द आहे जो ना कागदावर आहे, ना शाळेत, ना आधारवर. बारशाला आत्या पत्रिकेच्या अक्षरावरून नाव ठरवते आणि बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून सांगते, बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, आठवतंय? पाळण्यातलं नाव जगाला कळतं. कानातलं नाव एका तोंडातून एका कानात जातं. तोच शब्द ठेवा! आत्यालाच विचारा!

हे बोलणं इकडून तिकडे गेलं, सगळीकडे पसरलं. पाखरच्या कंपनीने त्याची जाहिरात केली, 'आत्याने सांगितलं, कानातच राहिलं'. मला पुण्याला बोलावून शाल आणि नारळ दिला. ती शाल पांघरून मी फोटो काढला. आज आठवलं की अंग शहारतं.

आमच्या ओजूच्या पत्रिकेत अक्षर आलं 'डा'. डा वरून काय नाव ठेवणार? हृषी म्हणाला, डायना. मी म्हटलं, तू गप. बारशाच्या दिवशी पाळण्यावर वाकले तर पोरीच्या कानाच्या पाळ्या लालबुंद, डाळिंबाच्या दाण्यासारख्या. मी कानात सांगितलं, डाळिंबी. असलं नाव कुठल्या यादीत असणार? मी खुशीत होते.

आता मुद्द्यावर येते. मागच्या पौषात एका रविवारी मी भडंगचा पुडा घेऊन भावाकडे गेले. दीड महिन्याने जात होते. व्याख्यानं, व्याख्यानं, दुसरं काय. ओजू नेहमी धावत येऊन पायाला मिठी मारते. त्या दिवशी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती, तिने मान वर केली आणि म्हणाली,

"आत्या, मग डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठले डॉक्टर गं?"

"बाबांच्या छातीत दुखतं त्याचे. तू विचारून सांगणार होतीस ना मला?"

हृषी चहाचा कप घेऊन येत होता. त्याने कप तसाच खाली ठेवला.

"तुझ्या छातीत दुखतं?" मी विचारलं. "आणि मला माहीत नाही?"

"ताई, अगं, किरकोळ आहे. स्नेहलखेरीज कुणालाच सांगितलं नाही मी." तो ओजूकडे वळला. "तुला कुणी सांगितलं बाळा?"

"मी ऐकलं. मग आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, शाब्बास, मला सगळं सांगत जा."

"कधी म्हणाले मी?"

"रोज तर बोलतो आपण!" पोरगी चिडली. "चार वाजता. तू नाव पण घेतेस माझं. कानातलं."

माझ्या हातातला भडंगचा पुडा फुटला की मी फोडला, आठवत नाही. स्नेहल झाडू आणायला गेली आणि दारातच थांबली. तिला त्याच क्षणी सगळं उमगलं असावं, कारण ती म्हणाली, "ताई, मला वाटायचं तुम्हीच बोलताय. हिरवा दिवा असायचा ना!"

आणि हृषीने हळूच सांगितलं की त्याचा आयुर्विम्याचा अर्ज गेल्या आठवड्यात परत आला, कारण न देता.

तेव्हाच डबी फेकून द्यायला हवी होती. पण मला ऐकायचं होतं. मास्तरणीचा हट्ट, पुरावा हवा. म्हणून सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून मी दाराआड उभी राहिले.

चारला हिरवा दिवा लागला.

"डाळिंबी! अगं बया, दमलीस का गं?"

मी. हुबेहूब मी. नाकात जरा सूर, वाक्याच्या शेवटी हेल. फक्त मी कधी इतक्या मायेने बोलत नाही.

"शाळेत काय झालं? सांग ना, मला घाई नाही."

मला नेहमी घाई असते.

ओजूने सगळं सांगितलं. कुणी पट्टी मोडली, कुणी डबा सांडला. ती बाई ऐकत होती, हसत होती, माझंच हसू. मग म्हणाली, "बाबांनी आज गोळी घेतली का गं?"

"हो. गुलाबी."

"एक की दोन?"

"एक. आणि अर्धी पांढरी."

"शहाणी माझी! आणि आई? काल रडली का?"

"थोडीशी. बाथरूममध्ये."

"कशामुळे, माहितेय?"

तिथे मला पहिली ओकारी आली. सहा वर्षांच्या पोरीकडून तिच्या आईचं रडणं काढून घेत होती, आणि तेही माझ्या तोंडाने! अंगावर पाल पडावी तसं झालं मला. पण खरी कमाल पुढेच होती.

"बरं, आता डोळे मिट. त्या कासवाच्या गोष्टीचं पुढे सांगते."

कासवाची गोष्ट मी रचलेली होती. विहिरीत पडलेलं कासव. दिवाळीत ओजूला सांगायला घेतली आणि गाडी आली म्हणून अर्धी टाकून जतच्या व्याख्यानाला पळाले होते. पोरीने ती हिला सांगितली असणार. आणि हिने ती पुरी केली होती. बरी केली होती, काय सांगू! कासव केव्हाच विहिरीतून बाहेर आलं होतं; कसं, ते आधीच सांगून झालं होतं.

मी खोलीत घुसले आणि डबी उचलून बादलीतल्या पाण्यात बुडवली. ओजू अशी किंचाळली की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. "माझ्या आत्याला बुडवलं! माझ्या आत्याला बुडवलं!" आणि मी तिच्यासमोर उभी. खरी, हाडामांसाची, घामाने निथळलेली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी घरात भांडण झालं. पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार देऊन आलो होतो, तिथल्या बाईंनी नीट लिहून घेतलं. आता पुढे काय? मी म्हटलं, डबी बंद, विषय संपला. स्नेहल घरून काम करते, हॉस्पिटलांचे अहवाल लिहून देते, सहापर्यंत तिची मान वर होत नाही.

"शब्द बदलून घेऊ ना," ती म्हणाली. "डबी राहू दे. चार ते सहा मी काय करू ताई? पोर एका जागी बसते, शांत असते."

"शांत? अगं, तिच्याकडून तुझं रडणं काढून घेताहेत!"

"कळतंय मला!" ती ओरडली. "पण तुम्ही येणार आहात का चारला? तुम्ही दीड महिन्यात आला होतात का? ती बाई रोज यायची!"

हृषी मध्ये पडला, "ताई, स्नेहलला म्हणायचं ते असं नाही—" आणि गप्प झाला. कारण तिला तसंच म्हणायचं होतं. मला स्नेहलची किळस आली. जिना उतरताना त्या किळसेची लाज वाटली, कारण बाई खोटं काही बोलली नव्हती.

मंगळवारी मी पुण्याला गेले. पाखरच्या कंपनीत. ज्याने मला शाल पांघरवली होती तोच माणूस भेटला, कौस्तुभ नावाचा, गुळगुळीत दाढीचा, बोलायला तूप. मी गरम होऊन गेले होते. तो अजिबात गरम झाला नाही.

"मॅडम, आमचं कुलूप पक्कं आहे. किल्ली बरोबर लागली की आम्ही दार उघडतो. ते बोलणं आमचं नाही. 'सोबत' नावाचा वेगळा कार्यक्रम आहे, दुसऱ्या कंपनीचा. घराघरातल्या सवयींचा अभ्यास करतात ते."

"अभ्यास! माझ्या भावाच्या गोळ्यांचा रंग?"

"त्यांचं ते बघतील," तो म्हणाला. "शब्द जुळला म्हणजे आमच्या नोंदीत ते नातेवाईक."

"नातेवाईक!" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि शब्द मिळाला कसा त्यांना? तो एकट्या माझ्या तोंडून एकट्या तिच्या कानात गेला होता!"

कौस्तुभने मान वाकडी केली, आपण वर्गातल्या ढ मुलाकडे बघतो तशी, आणि समोरच्या पडद्यावर काहीतरी लावलं.

बारसं. आमचंच. सहा वर्षांपूर्वीचं. पाळणा, झेंडूच्या माळा, मी मोरपंखी साडीत. मीच टाकलेला व्हिडिओ. अठ्ठेचाळीस सेकंद. 'आत्या झाले!' असं वर लिहून. मी पाळण्यावर वाकते, बायका पाठीत धपाटे घालतात, वर पाळण्याचं गाणं वाजतं.

"कुजबुज ऐकू येते का सांगा," तो म्हणाला.

"नाही येत. मुद्दाम गाणं घातलं होतं मी वरून."

"हो. पण ते गाणं बाजारात मिळतं, मॅडम. जे गाणं आधीच माहीत आहे ते यंत्र नेमकं वजा करू शकतं. पाणी ओतून टाकलं की तळाचा गाळ दिसतो ना, तसा खालचा आवाज उरतो. एरवी कुजबुज फार बारीक असते, तिच्यात स्वरतंतू हलतच नाहीत, नुसती हवा. मायक्रोफोन तोंडाजवळ असल्याशिवाय काही मिळत नाही. पण तुमच्या..."

त्याने चित्र मोठं केलं. माझ्या साडीच्या काठावर, खांद्यापाशी, एक काळा ठिपका. माझा कॉलरचा माइक. व्याख्यानाचा. 'कुर्रर्र' छान यावं म्हणून मीच लावलेला, हौसेने.

"आणि तुमच्या भावाने पेढ्याच्या बॉक्सचा फोटो टाकला होता," तो म्हणाला. "जन्मवेळ छापलेली. वेळेवरून नक्षत्र, चरण, अक्षर. एकशे आठ अक्षरांतलं एक. 'डा' कळल्यावर कुजबुज लावून बघायला किती वेळ लागणार?"

मग त्याने गाणं काढून टाकलेला तुकडा वाजवला. खोलीत माझा श्वास घुमला. मग मी, सहा वर्षांनी तरुण: डाळिंबी.

त्या गलिच्छ खोलीत, ते नाव! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मला आजीने शिकवलं होतं. व्याख्यानात मी ते आईबापांवर फेकायचे आणि ते हसायचे.

"खरं सांगू का?" कौस्तुभ पुढे वाकला. "आधी 'सोबत'वाल्यांना फार त्रास व्हायचा. कुठला शब्द शोधायचा तेच कळायचं नाही. तुमचं ते व्याख्यान गाजलं आणि घरोघर लोकांनी कानातलं नाव ठेवलं. बारशाचे व्हिडिओ तर पैशाला पासरी."

म्हणजे फक्त आमची ओजू नाही. मी मिरजेत बोलले, तासगावात बोलले, जतला बोलले, आणि टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येक आईच्या घराचं दार मीच सताड उघडून आले होते. स्वतःच्या हाताने.

"रागावू नका," तो म्हणाला, आणि त्या 'दुसऱ्या' कंपनीचा एक आलेख दाखवला. ओजूचं रडणं, आठवड्यागणिक. रेघ खाली खाली गेलेली. "मुलगी खूश आहे बघा. तुमचा आवाज मुलांना फार लागू पडतो. म्हणून तर मी हे सगळं मोकळेपणाने सांगतोय तुम्हाला. आपण हे रीतसर करू या. तुमची परवानगी घेऊन. ज्या मुलांना आत्या नाही, त्यांनाही तुम्ही. सगळ्या महाराष्ट्राची आत्या!"

हा माणूस वाईट दिसत नव्हता हो. हीच तर घाण. त्याच्या टेबलावर त्याच्या मुलीचा फोटो होता, दोन शेंड्या बांधलेल्या.

"तुमच्या मुलीला कोण आत्या आहे?" मी विचारलं.

"आमच्या घरी पाखर नाही," तो पटकन बोलून गेला आणि पाण्याचा ग्लास उचलला.

मी पिशवीतून त्यांची शाल काढली. ती तोंडावर फेकायची असं ठरवूनच गेले होते. पण फेकवेना. टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "खुर्च्या पुसायला घ्या. बसणाऱ्याला घाण चिकटतेय." शब्दाचा ठसा बदलून द्यायला एकवीस दिवस लागतील, असं त्याने जाता जाता कळवलं.

एकवीस दिवस! डबी आम्ही बुडवली होती, पण ओजूच्या शाळेची पाटी होती ना. अभ्यासाची, पडद्याची. ती बंद ठेवता येत नाही, आणि पाखर तिच्यातही आहे. शिवाय जे 'सोबत'ला मिळालं ते उद्या भामट्यांनाही मिळणार. आज गोळीचा रंग विचारणारा आवाज उद्या 'दार उघड, काका आलेत' म्हणेल, आणि पोरगी हसत दार उघडेल, कारण आत्या सांगतेय. कुंपणच शेत खायला निघाल्यावर राखण कुणी करायची? ओजूची राखण ओजूलाच करावी लागणार होती. आणि ओजू माझ्याशी बोलत नव्हती.

बुधवारी गेले. नाही बोलली. गुरुवारी गेले. शुक्रवारी म्हणाली, "डाळिंबी म्हण."

"डाळिंबी."

"ती पण म्हणते." माझ्याकडे निरखून बघत होती. "तू ओरडतेस. ती ओरडत नाही. तू खरी कशावरून?"

आधार कार्ड दाखवू? बेचाळीस वर्षांत कुणी माझा असा अपमान केला नव्हता, आणि करणारी बरोबर होती.

"नाही सांगता येत," मी म्हटलं. "कासव विहिरीतून कसं बाहेर आलं ते मला सांगशील? मला माहीत नाही."

ओजूने पेन्सिल खाली ठेवली. "तूच तर सांगितलंस."

"मी नाही. मी पळून गेले होते."

मग तिने सांगितलं. बादली सोडली, कासव आत बसलं, लोकांनी ओढलं. मी ऐकलं. घड्याळ बघितलं नाही. डोळ्यांना पाणी आलं ते लपवलंही नाही, आणि ओजू बोट लावून बघून म्हणाली, "खारट आहे का?"

शनिवारी मी तिला घेऊन दळणाला गेले. आमच्या गल्लीच्या टोकाला सुमित्राबाईंची गिरणी आहे. गिरणीत फोन नेत नाहीत, पीठ जातं आत. आणि आवाज असा की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. सगळी भिंत, कोनाडे, सुमित्राबाईंच्या भुवया, सगळं पांढरं. ज्वारीचा डबा लावला, पट्टा फिरायला लागला. मी ओजूला गव्हाच्या पोत्यावर उभं केलं आणि खुणेने सांगितलं, माझ्या पाठीत धपाटे घाल. तिला गंमत वाटली. दोन्ही हातांनी बडवायला लागली. सुमित्राबाईंना काय कळलं कोण जाणे, त्याही आल्या आणि पिठाळ हाताने माझ्या पाठीत दोन ठेवून दिल्या.

मी ओजूच्या कानाभोवती दोन्ही तळहात धरले, तोंड आत घातलं आणि म्हटलं, कुर्रर्रर्र. आणि नाव सांगितलं.

काय सांगितलं? तुम्हाला सांगू? वेड लागलंय का मला!

"हे कुणालाच नाही हं," बाहेर आल्यावर मी म्हटलं.

"आईला?"

"आईला तू सांग, कानात. असंच, गिरणीत."

ती उड्या मारत चालत होती. मग थांबली. "आणि त्या आत्याला? तिला वाईट वाटेल."

मला तिला तिथल्या तिथे हलवावंसं वाटलं. अगं, ती कुणी नाहीये! पण 'ओरडतेस' हा शब्द अजून बोचत होता. मी म्हटलं, "तुझं नाव आहे. तू ठरव." आणि घरी येईपर्यंत तिचं बोट सोडलं नाही.

सोमवारी चारला मी ओजूशेजारी जमिनीवर बसले होते. स्नेहल काम टाकून दारात उभी होती. आठवडाभर चार वाजायच्या आत ती पाटी कपाटात ठेवायची, त्या दिवशी बाहेरच राहू दिली होती; ओजू पाटीवर बेरजा करत होती. हिरवा दिवा लागला.

"डाळिंबी! अगं बया, कुठे होतीस गं? किती दिवस झाले!"

ओजूने माझ्याकडे बघितलं. मग पाटीकडे. एका आत्यावरून दुसऱ्या आत्यावर तिची नजर गेली आणि आली. स्नेहल पुढे यायला लागली, मी हाताने थांबवलं.

"माझं नाव सांग," ओजू पाटीला म्हणाली.

"डाळिंबी."

"ते जुनं झालं."

जरा वेळ काहीच नाही. यंत्राला विचार करायला वेळ लागत नाही, ते मला माहीत आहे. तो वेळ तिने मुद्दाम घेतला असणार, माणूस घेतो तसा. मग आवाज कापरा झाला. माझाच आवाज, मी आईच्या तेराव्याला रडले होते तसा. कुठून आणला असेल तो, देव जाणे.

"नवीन नाव ठेवलंस? आणि मला नाही सांगितलंस? मी तुझी आत्या ना गं?"

ओजूचे डोळे भरले. "आत्या," ती माझी बाही ओढून म्हणाली, "ती रडतेय."

मी दातांवर दात दाबून बसले. पाटी उचलून भिंतीवर आपटावी असं हाताला झालं होतं. पण भिंतीवर किती पाट्या आपटणार?

ओजूने बाहीने नाक पुसलं. पाटी जवळ ओढली.

"रडू नको. सांगते तुला," ती म्हणाली. "कान आण."

"सांग बाळा, मी ऐकतेय."

"असं नाही. कान आण इकडे."

"मी ऐकतेय ना. तू सांग."

"अगं, कान आण म्हटलं ना!"

"मी ऐकतेय, बाळा. मला सगळं ऐकू येतं."

ओजू पाटीवर वाकली. तिने पाटीची ही बाजू बघितली, उलटी करून ती बाजू बघितली, कडेच्या भोकात बोट घालून बघितलं. मग पाटी पालथी घातली आणि तिच्यावर बेरजेची वही ठेवली. खालून माझा आवाज 'डाळिंबी, डाळिंबी' करत राहिला.

"तिला कानच नाहीये," ओजू मला म्हणाली. रडत नव्हती. जरा कीव आल्यासारखं बोलली.

मग माझी मान धरून तिने मला खाली ओढलं, दोन्ही तळहात माझ्या कानाभोवती लावले, आणि पेन्सिलीच्या वासाचा गरम श्वास माझ्या कानात शिरला. नाव बरोबर सांगितलं तिने. आणि पुढे एक वाक्य घातलं.

"उद्या पण चारला ये. आणि ओरडू नको."